दहा-अकराचा पाना

“सांगून विश्वास बसायचा नाही बाई, पण माझा दहा-अकराचा पाना या गोराईच्या खाडीतल्या हातभर शिंगाळा माशानं गिळलाय,” बोटीच्या पोटात डोकं खुपसून जयवंत म्हणाला. “पहिल्या खेपेला हातातून निसटला, आणि पाण्याला टेकायच्या आत गट्टम! देवाशपथ खरां!”

“मागच्या महिन्यात तो शिंगाळा वीतभर होता. आज हातभर झाला?” थर्मासचं झाकण उघडत उत्तराबाईंनी विचारलं.

“लोखंड मानवलं त्याला.”

उत्तराबाई हसल्या. त्या हसल्या की जयवंतचं कामातलं लक्ष उडायचं, आणि आज तर काम चोख व्हायला हवं होतं.

‘इरावती’ ही शिडाची छोटी बोट उत्तराबाईंच्या नवऱ्याची. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, बोट खाडीत राहिली. वारा पडला की चालवायला तिच्या पोटात डिझेल इंजिन होतं. दिवाळीत त्या इंजिनाचा चावीचा स्विच गेला आणि चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधून जयवंत मेस्त्री पिशवी घेऊन आला.

तेव्हापासून दर महिन्याला स्विच जायचा. बाईंचा फोन यायचा, “जयवंतराव, चावी फिरतेय, पण इंजिन ढिम्म!” जयवंत हजर. काम अर्ध्या तासाचं. घावणे, गवती चहा आणि गप्पा दोन तासांच्या. घरी त्याची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं.

“खारी हवा, बाई. स्विच खाऊन टाकते,” तो दर खेपेला सांगायचा.

हवा बिचारी निर्दोष होती. जयवंतच दर खेपेला रिक्षांतून काढलेला, झिजून गेलेला स्विच बसवून जायचा. त्यात चावी हरभऱ्यासारखी खुळखुळायची. टिकला तर महिनाभर टिकेल, या हिशेबानं. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी ही लबाडी आपल्याला सुचली याची त्याला लाज वाटायची, आणि थोडी गंमतही.

पण आज चार वाजता दिंडोशीहून बोटीला गिऱ्हाईक येणार होतं. बाईंच्या मुलानं, सिद्धेशनं शोधलेलं. गिऱ्हाइकाची अट एकच, चावी फिरवली की बोट एका दमात चालू व्हायला हवी, नाहीतर व्यवहार रद्द. उत्तराबाईंनी मुलाला शब्द दिला होता, “चालू झाली तर देईन.”

बोट गेली की फोन कशाला येईल?

तरी जयवंतनं आज सीलबंद डबीतला कोरा स्विच आणला होता. आपल्या लबाडीपायी बाईंच्या व्यवहारात खोडा नको.

स्विचला हात लावण्याआधी बॅटरीची वायर काढायची, हा त्याचा नियम. आधी काही तपासायची गरजच नव्हती. दोष कुठे आहे ते त्याच्याहून जास्त कुणाला ठाऊक? त्यानं बॅटरीवरचा नट धरला. तो बोटांनीच सुटला. दर खेपेला असाच सुटायचा.

“बघा, बॅटरीसुद्धा ओळखते मला. पाना लागतच नाही.”

“हातगुण असतो एकेकाचा,” कपात चहा ओतत बाई म्हणाल्या.

त्यानं फळी उघडली. झिजका स्विच बाहेर ओढला, त्याच्या वायरी एकेक करून नव्याला जोडल्या, नवा घट्ट बसवला. शेवटी बॅटरीची वायर लावून पकडीनं नट आवळला.

“फिरवा, बाई.”

त्यांनी चावी फिरवली. इंजिन एका दमात धडधडलं. खरं तर दोघांनी खूश व्हायला हवं होतं. बाई कठड्याकडे बघत राहिल्या, जयवंत उगाच हात पुसत राहिला. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

“बाई, एक सांगायचंय.” त्यानं पकड पिशवीत टाकली. “खाऱ्या हवेचं खोटं होतं. दर वेळी मी झिजलेला स्विच बसवत होतो. लवकर जावा म्हणून. तुमचा फोन यावा म्हणून.”

“बरं.”

“नुसतं बरं? शिव्या तरी घाला.”

“आणखी काय काय खोटं बोललात?”

“आणखी काही नाही. देवाशपथ.”

उत्तराबाईंनी पर्सची चेन ओढली. चष्म्याची डबी बाजूला सारली आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी बाहेर काढून त्याच्या पुढ्यात उलगडलं. आत दहा-अकराचा पाना होता.

“आणि शिंगाळ्याचं हो? साफ खोटं! तुमचे ते झिजके स्विचही एकदासुद्धा गेले नाहीत, जयवंतराव. पावणेचार झालेत. बॅटरीचा नट आज तुम्ही ढिला करताय, की नेहमीसारखा मीच करू?”