तेविसावं मरण

सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही, पण बॉनला मुलाकडे राहायला आल्यापासून मी बावीस वेळा मेलो आणि दर वेळी बसने घरी परत आलो. इथली एक धर्मादाय संस्था देशोदेशीच्या तरुण डॉक्टरांना आणून शिकवते. रोग्याला वाईट बातमी कशी सांगायची, याचा सराव करायला त्यांना खोटे रोगी लागतात, त्यातला मी एक. घानाच्या पोराने मला कॅन्सर दिला. पेरूची पोरगी तर सांगता सांगता स्वतःच रडायला लागली, शेवटी मीच तिला पाणी दिलं.

परवा घरी आलो आणि बुटांसकट खुर्चीत बसलो. सून निशिगंधा भाजी चिरत होती.

"आल्झो बाबा," तिने जर्मन ढंगात सुरुवात केली, "तर मग, आज तेविसावं ना? कुणी मारलं?"

"आज तर कहर झाला! पांढऱ्या केसांची जर्मन बाई होती. घड्याळाकडे एकदासुद्धा बघितलं नाही. माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, फार तर ख्रिसमसपर्यंत. दहापैकी दहा मार्क दिले तिला."

निशिगंधा हसली. "दमलात आज. स्वेटर काढा, मी चहा टाकते."

मी स्वेटर काढला आणि सवयीने शर्टाच्या बाह्या वर सारल्या. तिची सुरी थांबली.

"थापा मारू नका, बाबा. हा कोपरात कापूस कसला? खोट्या रोग्याचं रक्त काढतं का कुणी?"