मधल्या दोन वायरी

नारिन गावातल्या आपल्या गॅरेजात दोघा भावांनी तोक्तोसून नावाच्या म्हाताऱ्याच्या जीपचं इंजिन पार खोलून नव्याने बांधलं, तरी ते ठसकतच राहिलं. खापर फोडायला धाकटा मेलिस होताच. "हलके पिस्टन टाकून पैसे खाल्लेस ना, चोरा? चालता हो," थोरला सागिन गिऱ्हाइकांदेखत गरजला. मेलिसने हात पुसले आणि निघून गेला.

हिवाळ्यात म्हातारा वाळल्या दह्याच्या गोळ्यांची पिशवी घेऊन आला. जीप अख्खा घाट एका दमात चढून आली होती.

"बघा आजोबा, चोर गेला अन् गाडी सुधारली," सागिन म्हणाला.

"आपोआप कसली सुधारते! त्याच दिवशी मेलिसने मला गावाबाहेर थांबवलं. प्लगच्या मधल्या दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या, त्या जागच्या जागी लावून दिल्या."

"मग इथंच का नाही बोलला?"

"म्हणाला, वायरी दादाने जोडल्यात. लोकांपुढे थोरल्याची चूक कशी काढू?"

सागिनने तिथेच फोन लावला. मेलिस मॉस्कोत मजुरीवर रस्त्यावरचा बर्फ उपसत होता.

"बोल दादा," तो म्हणाला, "गाडी परत ठसकतेय का?"