दोन काळ्या रिबिनी

वानछिंगनं रिबीन गुंडाळायच्या हातयंत्राची मूठ थांबवली. जपानी रिबीन आता तिच्या कारखान्याच्या पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळली गेली होती. कारखान्याची स्वतःची रिबीन तिनं जपानी नळीवर चढवली, जपानी खोक्यात घातली आणि खोकं कपाटात होतं तिथं ठेवून दिलं. जपानी रिबिनीचा रोल तिच्या पिशवीत गेला. दोन्ही रिबिनी काळ्याकुट्ट, एकाच रुंदीच्या. नुसत्या डोळ्यांनी कारखान्याच्या उस्तादांना, पांग शिफूंनाही फरक कळला नसता, आणि त्यातल्या एकीची शाई तर त्यांनीच कालवली होती.

सकाळचे सात वाजले होते. दहाला निंगबो शहरातल्या रक्तपिशव्यांच्या कंपनीत रिबिनींची परीक्षा होती.

तिथं प्रत्येक पिशवीवर लेबल लागे. छपाईयंत्र रिबिनीला चटका देई, तिची शाई लेबलावर उतरे. ती शाई बर्फात टिकायला हवी, स्पिरिटमध्येही. पुसली गेली तर कुणाला भलत्याच गटाचं रक्त चढायचं. म्हणून कंपनी आजवर जपानीच रिबीन घेत होती. गेल्या वसंतात वानछिंगनं आपली देशी रिबीन तिथं नेली, तर चाळीस घासण्यांतच अक्षरं गेली. त्यानंतर पांग शिफूंनी शाईचं मिश्रण अकरा वेळा बदललं. ही शेवटची संधी होती. हुकली की बेचाळीस माणसांच्या कारखान्याला कुलूप.

दोन्हीकडे जपानीच असली तर बरोबरी होईल, असा वानछिंगचा हिशेब होता. देशीची किंमत निम्मी, म्हणजे बरोबरीतही जिंकणार आपणच. पुढं शिफू शाई सुधारतीलच, असं ती मनाला बजावत होती.

तेवढ्यात शिफू आले. त्रेसष्ट वर्षांचे, बोटं कायमची काळी.

"झोपलीस का गं काल?"

"झोपले की. तुम्ही?"

"आता कुठली झोप! जा, बाओ घेऊन ये गरम गरम. रिकाम्या पोटी मला तिथं घेरी यायची. तुझी पिशवी मी गाडीत ठेवतो."

सारण भरलेले वाफवलेले पाव विकणाऱ्या बाओवाल्याकडे रांग होती. ती परतली तेव्हा शिफू गाडीत बसले होते, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

"शिफू, हात सोडा की. खाणार कसं?"

"तू खा. मला भूक नाही."

परीक्षेच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. कंपनीच्या पॅकिंग विभागातल्या मुलीसुद्धा दाराशी जमल्या होत्या. जपानी रिबीन विकणारे तंग साहेब कडक इस्त्रीच्या शर्टात हसत उभे होते.

"पांग शिफू, या खेपेला टॉवेल आणलाय ना? मागे शाई लेबलापेक्षा तुमच्या हातालाच जास्त लागली होती."

"आणलाय," शिफू म्हणाले. "तुम्हाला लागला तर मागा."

मुली खिदळल्या. तपासणी विभागाच्या प्रमुख रुआन मॅडमनी बोट वर केलं, तशी खोली गप्प झाली.

तंग साहेबांनी आणलेला आणि वानछिंगचा, अशा दोन्ही रोलवरून लेबलं छापली. तासभर कोरड्या बर्फात ठेवली. मग घासणीयंत्राचे स्पिरिटमध्ये भिजलेले बोळे त्यांच्यावरून फिरू लागले. दर दहा घासण्यांनी रुआन मॅडम बारकोडवर स्कॅनर धरत. टीं. टीं. दोन्हीकडे सारखंच.

चाळीस. टीं, टीं. मागे कुणीतरी श्वास सोडला.

पन्नास. टीं, टीं.

साठ. वानछिंगचा बारकोड वाजला. तंग साहेबांचा मुका राहिला.

मॅडमनी स्कॅनर पुसून पुन्हा धरला. मुकाच. मुलींनी एकमेकींचे हात पकडले. वानछिंगनं मात्र वळून दोन्ही रोलांकडे पाहिलं. हे कसं? दोन्हीकडे तर एकच रिबीन!

सत्तर. टीं. ऐंशी. टीं. मुली आता मोठ्यानं मोजायला लागल्या होत्या. नव्वद. शंभर. टीं! दारातून टाळ्यांचा कडकडाट झाला.

"थांबा," तंग साहेब ओरडले. "पुन्हा करा!"

पुन्हा केलं. निकाल तोच. तंग साहेबांनी आपला रोल उलटून तारीख पाहिली. याच महिन्यातला होता. ते खरोखरच चक्रावले होते. त्यांनी पांग शिफूंचा हात हातात घेतला. "काय घातलंत हो यात?"

शिफूंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी आपला हात हळूच सोडवून घेतला.

"हर्षवायू झालाय त्यांना," मॅडम हसून म्हणाल्या. "वर्षभराची मागणी आजच देते. मात्र हा रोल मोहोर लावून माझ्याकडे राहील. तुमचा येणारा प्रत्येक माल याच्याशी ताडून बघणार. रक्ताचा मामला आहे."

वानछिंगनं सही केली. मुलींनी तिला मिठ्या मारल्या. कारखान्यातून फोनवर फोन येत होते. तिकडे फटाके लावायची परवानगी कुणाकडून घ्यायची यावर वाद पेटला होता.

शहराबाहेर पडताच तिनं गाडी कडेला घेतली. बेचाळीस माणसं नाचत होती आणि तिला मागं फिरून मॅडमना सगळं सांगायचं होतं.

"शिफू, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"आधी मी सांगतो, पोरी. मग तू मला हवं ते बोल." शिफू समोरच्या काचेकडे बघत होते. "मला मॅडमकडे परत ने. मी लबाडी केली. अकरा वेळा कालवलेल्या शाईवर माझाच भरवसा उरला नव्हता. तू बाओ आणायला गेलीस तेव्हा तुझ्या रोलवरची रिबीन मी उतरवून फेकून दिली, आणि कपाटातल्या जपानी खोक्यातली काढून आपल्या नळीवर गुंडाळली."

वानछिंगच्या डोळ्यांपुढं सकाळचं कपाट आलं: त्या खोक्यात तर तिनंच शिफूंची रिबीन ठेवली होती.