डावीकडे ओढणारी मोटार

“अजून डावीकडंच वढतीया,” ड्रायव्हर भिमाजी गाडीतून उतरत म्हणाला, आणि नूरमहंमदच्या अंगाचा तिळपापड झाला.

तिसरी खेप होती ही. लोणावळ्यात पुणे रस्त्यावर त्याचं गॅरेज पंधरा वर्षं उभं होतं. एकाच कामासाठी तीनदा परत आलेली मोटार त्यानं अजून पाहिली नव्हती. आणि आली ती कुणाची, तर डॉक्टर माधवरावांची!

महिन्यापूर्वी डॉक्टर स्वतः चालत आले होते. “गाडी तीन इंच खाली घे,” म्हणाले. “आईचे गुडघे धरलेत, फूटबोर्डावर पाय चढत नाही. आणि स्टेअरिंग असं हलकं कर, की गाडी आपण होऊन सरळ गेली पाहिजे. हिसके तिला सोसत नाहीत. घाटात तर यापुढे नेणारच नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “हे तुझ्यामाझ्यात. आपल्या दुखण्याचा बोभाटा झालेला तिला खपत नाही.”

नूरमहंमदनं स्प्रिंगांचे पाटे कमी केले, उरलेले ठोकून चपटे केले. गाडी बसली खाली. पण गाडी खाली बसली की पुढची चाकं बिघडतात. एक इकडे बघतं, एक तिकडे. त्यानं दोन्ही अंगांनी मागच्या चाकापासून पुढच्यापर्यंत दोरी ताणली. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर काठीनं मोजलं. मागून असेल त्यापेक्षा पुढून एक सूत कमी हवं, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. पुढची चाकं जोडणारा आडवा दांडा पिळून पिळून त्यानं ते जमवलं होतं. एकदा नाही, तीनदा.

“चला, मीच बघतो,” तो म्हणाला आणि स्टेअरिंगवर बसला.

वलवणच्या सरळ रस्त्यावर त्यानं दोन्ही हात सोडले. गाडी नाकासमोर गेली.

“आता तुम्ही चालवा, भिमाजीभाऊ.”

भिमाजीनं गाडी घेतली. शंभर पावलं गेली नाहीत तोच ती डाव्या अंगाला सरकू लागली. समोरून बैलगाडी आली. भिमाजीनं डाव्या हातानं स्टेअरिंगचं चाक वर रेटलं, उजवा त्यावर नुसताच ठेवलेला; गाडी हिसक्यानं उजवीकडे वळली. गाडीवान शिव्या देत बाजूला झाला. बैलाचं शिंग काचेला लागता लागता राहिलं.

नूरमहंमदनं गाडी थांबवायला लावली. खिशातला पाना काढून त्यानं भिमाजीच्या उजव्या हातात दिला. पाना खाली पडला.

भिमाजीनं तो डाव्या हातानं उचलला.

“शिमग्यापासनं ह्यो हात माजा ऱ्हायला न्हाई, नूरभाई,” भिमाजी म्हणाला. “मुंग्या येत्यात, मग काय बी कळत न्हाई. पाय बी जड झालाय. घरात बायकूला बी म्हाईत न्हाई.”

“अहो, डॉक्टरांच्या दारात कामाला, आणि त्यांनाच दाखवत नाही?”

“त्यांना दावलं का दुसऱ्या दिशी दुसरा डायवर! बावीस वर्सं झाली मला. आता या वयात मला कोन हुबं करतंय? टांगेवाला सुदिक घ्यायचा न्हाई.” त्यानं डाव्या हातानं नूरमहंमदचं मनगट धरलं. “तू चाकं जराशी उजवीकडं बसव. माजा हात डावीकडं वढंल, गाडी उजवीकडं. हुतंय बरोबर. तुज्या पाया पडतो.”

“वेड लागलंय का तुम्हाला? उद्या दुसऱ्या कुणी चालवली तर सरळ झाडावर जाईल.”

भिमाजी रडायला लागला. पन्नाशी उलटलेला, घाट डोळे मिटून उतरणारा माणूस! नूरमहंमदला ते बघवेना. तो रस्त्याकडे बघत बसला.

घरी त्याला जेवण गेलं नाही. बायकोनं, चाँदबीनं, खोदून खोदून विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं.

“बोललात तर भिमाजीभाऊंची भाकरी जाईल,” ती म्हणाली. “नाही बोललात, तर त्या म्हाताऱ्या बाईचं बरंवाईट झालेलं तुम्हाला सोसेल?”

नाही सोसणार. पण भिमाजीचे डोळेही सोसवत नव्हते. आपण नुसते चाकं जुळवणारे, हे लफडं आपल्या गळ्यात कुठून आलं, असं त्याला झालं. सकाळी तो उठला तो तडक डॉक्टरांच्या बंगल्यावर गेला. वाटेत मनाशी चार वाक्यं जुळवली, पुन्हा मोडली.

डॉक्टर घरी नव्हते. अंगणातल्या फणसाला शिडी लावलेली होती. वरून एक म्हातारी काखेत फणस मारून खाली उतरली, शेवटच्या दोन पायऱ्या सोडून थेट जमिनीवर.

“डॉक्टरांच्या आईसाहेबांना भेटायचं होतं,” तो म्हणाला. निदान त्यांना तरी सावध करावं.

“मीच ती. बोल.”

नूरमहंमद चाचरला. “आपले गुडघे... गाडीत चढायला...”

“माझे गुडघे?” म्हातारीनं फणस खाली आपटला. “अरे, परवा कुरवंड्याला पायी जाऊन आले मी! आणि त्या मोटारीत बसलंय कोण? पेट्रोलच्या वासानं पोटात ढवळतं माझ्या. जन्मात पाय ठेवला नाही तिच्यात.”

तेवढ्यात फाटकातून मोटार आत आली. स्टेअरिंगवर भिमाजी होता. नूरमहंमदला बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टर आपल्या हातानं दार उघडून उतरले.

“माधव, हा तुझा मिस्त्री बघ,” म्हातारी ओरडली. “भल्या सकाळी माझे गुडघे मोडायला आलाय!”

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं, नूरमहंमदकडे पाहिलं. मग त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला कुंपणापाशी नेलं.

“भिमाजीसमोर काही बोलू नकोस,” ते हळूच म्हणाले. “त्याला अजून वाटतंय, मला काही कळलेलं नाही.”