मॉरिशसचं स्थळ

"समुद्रात उतरताना पायात काय घालता तुम्ही?" नागसेननं विचारलं.

मुलगी पाहायला आलेल्या दादासोनं पोह्यांची बशी खाली ठेवली. प्रश्न आपल्यालाच आहे ना, अशा नजरेनं त्यानं इकडंतिकडं पाहिलं.

"समुद्रात कोण उतरतंय?" तो म्हणाला.

दादासो मूळचा गगनबावड्याकडचा, मॉरिशसच्या एका मोठ्या हॉटेलात आचारी. निदान मध्यस्थ पिराजीमामा तरी तसं सांगत होते. पण परदेशातलं स्थळ म्हटलं की नागसेनला धडकीच भरायची. त्याच्या मावसबहिणीला दुबईचा म्हणून मिळालेला नवरा लग्नानंतर इचलकरंजीत एका गाळ्यात पुठ्ठे बांधताना सापडला होता. त्यानं पासपोर्ट दाखवला होता, तोही बनावट. तेव्हापासून हे घर ताकही फुंकून पीत होतं. वडील नव्हते. आई मीनाबाई सगळं लेकावर सोपवून मोकळी झालेली. आणि सोनम एकुलती एक बहीण. तिचं वाटोळं झालं असतं तर नागसेननं स्वतःला जन्मात माफ केलं नसतं.

म्हणून कागद बघायचेच नाहीत, माणूस तपासायचा, असं त्यानं ठरवलं. गुंडूच्या नेट कॅफेत बसून त्यानं मॉरिशस धुंडाळलं. आधी नुसत्या हनिमूनच्या जाहिराती आल्या. मग कुणा भटक्या माणसानं लिहिलेलं एक पान सापडलं आणि ते सोन्यासारखं निघालं. पाण्याच्या तळाशी काटेरी जीव असतात, म्हणून रबरी बूट घालूनच उतरा. सात रंगांची माती कुठं बघायची. अंधार पडला की खेड्याकडं बस मिळत नाही. रस्त्यावरची डाळपुरी कशाबरोबर खायची. तिथं राहिलेल्या माणसालाच ठाऊक असावं असं सगळं. जिल्हा परिषदेतल्या कारकुनाच्या चिकाटीनं नागसेननं ते पाठ करून टाकलं.

दादासोला यातलं काही म्हणता काही आलं नाही. सात रंगांची माती? ऐकली होती, बघितली नव्हती. बस? हॉटेलची गाडी खोलीवरून नेते नि खोलीवर आणून सोडते.

"म्या सैपाकघर बघितलंय," तो म्हणाला. "सुट्टी मिळाली की झोपतो."

पाहुणा पोहे संपवायच्या आतच नागसेननं मनातल्या मनात नकार देऊन टाकला.

सोनमला माणूस बरा वाटला होता. त्याच्या दोन्ही हातांवर तेलानं भाजल्याच्या खुणा आहेत, एवढंच ती म्हणाली. भाजायला मॉरिशस कशाला लागतंय, धाब्यावरही हात भाजतात, असं नागसेननं तिला सुनावलं.

पिराजीमामा नकारानं चिडले नाहीत. भाऊ असावा तर असा, म्हणाले. काय काय विचारलंस, हे सगळं सापडलं कुठं, हेही त्यांनी खोदून खोदून विचारून घेतलं. पुढच्या वेळी आपलीही फसगत नको म्हणून. नागसेननंही छाती फुगवून सांगितलं, गुंडूच्या कॅफेसकट. मध्यस्थापासून काय लपवायचं?

दिवाळी झाली आणि मामा दुसरं स्थळ घेऊन आले. हाही मॉरिशसचाच, आपल्या भागातली पोरं एकामागोमाग तिकडंच जातात, असं मामांचं म्हणणं. मुलाचं नाव संघर्ष. परवाच सुट्टीवर आला होता.

आदल्या संध्याकाळी नागसेन उजळणीला गेला. त्याचं नेहमीचं मशीन बिघडलं होतं, म्हणून गुंडूनं त्याला कोपऱ्यातल्या मशीनवर बसवलं. त्यानं जेमतेम तीन अक्षरं दाबली आणि त्या पानाचा अख्खा पत्ता आपोआप पडद्यावर उमटला. कॉम्प्युटर फारच हुशार झालेत, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी संघर्षची परीक्षा झाली ती मात्र ऐकत राहावी अशी. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर. रबरी बूट, सात रंग, संध्याकाळची बस, डाळपुरी, सगळं घडाघडा. तिकडं आपली माणसं आहेत का, असं मीनाबाईंनी मध्येच विचारलं, तर तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी लोकांविषयीही त्यानं सांगितलं. नागसेनचा जीव भांड्यात पडला. कित्येक महिन्यांनी त्याला पोटभर जेवण गेलं.

"दादा, तुझी खात्री झाली न्हवं?" सोनमनं विचारलं.

"शंभर टक्के."

"मग माझं काय न्हाय," ती म्हणाली.

मुलाची सुट्टी संपायच्या आत उरकायचं म्हणून लग्न लगेच धरलं. गुंडूला आमंत्रण द्यायला नागसेन स्वतः कॅफेत गेला. तुझ्यामुळं माझ्या बहिणीचं कल्याण झालं, आला नाहीस तर बघ, असं त्यानं बजावलं. गुंडूला काही उमगलं नाही, पण जेवणाला नाही म्हणणारा तो नव्हता.

भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं. हार पडले, फुलं पडली. मीनाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि नागसेनलाही आपले डोळे आवरेनात. एवढं हलकं त्याला वडील गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं. लोक नवरा-नवरीला भेटायला रांगेनं वर चढत होते. गुंडूही गेला, संघर्षचा हात हातात घेऊन हसत काहीतरी बोलला. मग खाली उतरून खुशीत नागसेनजवळ आला.

"साहेब, दाजी तर आमच्या वळखीचं निघालं की," तो म्हणाला. "गणपतीपास्नं पार दिवाळीपतूर रोज माझ्याकडं बसायचं. तेच तुमचं मॉरिशसचं पान. म्या इचारलं, पावणं, तिकडं फिराय जाताय व्हय? तर म्हणलं, न्हाय ओ, तोंडी परीक्षा हाय."