लेकीचा बस्ता

पेठेतलं चालतं दुकान विकून भालचंद्ररावांनी मॉलमध्ये साड्यांचा गाळा घेतला. सुरुवातीला सरकता जिना बघायला खेड्यापाड्यांतून माणसं लोटली. पुढे सिनेमा बंद पडला, जिना थांबला, शेजारची शटरं खाली आली.

त्या दुपारी इनामदारबाई लेकीला घेऊन आल्या. बाईंच्या स्वतःच्या लग्नाचा बस्ता भालचंद्ररावांनीच काढून दिला होता. त्यांना भरून आलं. त्यांनी भराभर पैठण्या, शालू उलगडले.

बाई अवघडल्या. “काका, हिचा बस्ता झालाय हो. पेठेत, तुमच्या जुन्या दुकानातच. आम्ही पत्रिका द्यायला आलो होतो.”

“बरं केलंत,” ते म्हणाले. पत्रिका कपाळाला लावली.

त्या गेल्यावर त्यांनी साड्यांच्या घड्या घातल्या नाहीत. दिवे मालवले आणि भर दुपारी शटर ओढून घेतलं.