तेराव्याचं पान

यांच्या तेराव्याला गुरुजी म्हणाले, "वकीलसाहेबांना सर्वांत आवडायचा तो एक पदार्थ पानावर वाढा."

मी केलेली डांगर पचडी घेतली, तर लेक सुनेत्रा म्हणाली, "अम्मा, अप्पांना माझी रव्याची गोड सोज्जी आवडायची. गेल्या दिवाळीत माझ्या कानात सांगितलं त्यांनी."

सून रम्या रडवेली झाली. "मला तर म्हणाले, तुझ्यासारखं चिंचेचं वत्तकुळंबु कुणाला जमत नाही. पण अम्मांना सांगू नकोस."

देवाला कोणत्या वारी कसला नैवेद्य, ते मला पाठ. आणि अठ्ठावन्न वर्षांच्या संसारात यांची एक आवड ठाऊक नसावी?

शेवटी मानाजींना विचारलं. ते यांचे हायकोर्टातले जुने कारकून. वकिली सुटल्यावरही रोज घरी यायचे. ते म्हणाले,

"अम्मा, कोविडनंतर साहेबांच्या तोंडाची चव परत आलीच नाही. पाच वर्षं त्यांना गोड-तिखट काही कळत नव्हतं. मी रोज तुमच्या स्वयंपाकघरात डोकवायचो ना, ते त्यासाठीच. आज कुणी काय केलंय, ते त्यांना जेवणाआधी सांगायचो. म्हणायचे, मानाजी, ब्रीफ वाचल्याशिवाय बोलायला उभं राहायचं नसतं."

गुरुजींनी एकच म्हटलं होतं, पण मी तिघींचंही वाढलं. मग पानाशी वाकून, कुणी काय केलंय ते यांना हळूच सांगितलं.